तिसऱ्याची पोच

इस्पितळात थोरलीला नावाने कुणी हाक मारत नसे. वॉर्डातल्या सिस्टर तिला तोंडावर 'कॉम्प्युटरवाल्या ताई' म्हणत आणि माघारी 'संशयी ताई'. दोन्ही नावं तिला ठाऊक होती आणि दोन्ही तिने मुकाट्याने मान्य केली होती. दुसऱ्याने बंद केलेला गॅस ती पुन्हा जाऊन बघे. दाराला कुलूप लावून चार पावलं गेली की परत येऊन ते ओढून बघे. धाकटी बहीण यावरून तिची यथेच्छ टिंगल करायची, पण सर्व्हर सांभाळायला असंच माणूस लागतं हे तिलाही पटलेलं होतं.

धाकटी त्याच इस्पितळात सिस्टर होती, वरच्या मजल्यावर, बायकांच्या वॉर्डात. आईवडील गेल्यापासून दोघी एकत्र राहत. थोरलीने लग्न केलं नाही आणि धाकटीचं टिकलं नाही, त्यावर बोलायचं नाही असं न बोलताच ठरलं होतं. धाकटी बोलघेवडी आणि हाताची हलकी. इंजेक्शन देताना तिची बडबड चालूच असे, आणि सुई कधी टोचणार असं पेशंटने विचारेपर्यंत ती कापूस दाबून मोकळी झालेली असे. तिच्या हाताने सुई घ्यायला मिळावी म्हणून बायका तिची ड्यूटी कधी आहे ते विचारून ठेवत.

थोरलीचं राज्य तळघरात, धुलाईघराला लागून. भिंतीपलीकडून साबणाचा आणि ओल्या चादरींचा वास येई आणि अलीकडे पंख्यांची न थांबणारी घरघर चाले. तिथल्या लोखंडी कपाटात वरच्या खणात पहिला सर्व्हर होता. दुसरा रस्त्यापलीकडच्या इमारतीत ठेवलेला, म्हणजे एकीकडे आग लागली तरी इस्पितळाच्या नोंदी दुसरीकडे शाबूत राहतील. सिस्टरने औषध दिल्याची नोंद केली की ती पहिल्यात उतरे, तिथून केबलवरून दुसऱ्याकडे जाई, दुसरा 'पोचलं' असं कळवी, आणि मगच सिस्टरच्या पडद्यावर हिरवी खूण उमटे. ही पोच येईपर्यंत थांबायचं की न थांबता खूण दाखवून मोकळं व्हायचं, हे ठरवणारी एक ओळ थोरलीच्या ताब्यात होती. त्या ओळीवरून तिची आणि साहेबांची कायम जुंपलेली असे.

साहेब म्हणजे कॉम्प्युटर विभागाचे प्रमुख. गडी भला, पण घायकुता. पोचेची वाट बघण्यात पडदे रेंगाळतात, डॉक्टर मंडळी माझ्या डोक्यावर बसतात, असं त्यांचं म्हणणं. थोरली म्हणे, रेंगाळू देत, पण हिरवी खूण दिसली म्हणजे नोंद दोन ठिकाणी आहे असा भरवसा पाहिजे. शेवटी तोडगा निघाला तो असा, की तिसरा सर्व्हर विकत घ्यायचा आणि दोघांपैकी ज्याची पोच आधी येईल ती धरायची. साहेबांना दम कुठला निघतोय! मशीन येईल तेव्हा येईल, नाव आत्ताच घालून टाका, मागाहून राहून जातं, असं म्हणून त्यांनी तिच्याकडून ओळ लिहून घेतली: दुसरा किंवा तिसरा, कुणाही एकाची पोच आली की पुरे. खरेदीची फाइल वर गेली ती परत आलीच नाही. कपाटाचा खालचा खण मोकळा राहिला आणि तिसऱ्याचं नाव तेवढं त्या ओळीत बसून राहिलं. दुसरा पोच देत होता, म्हणून कुणाचं काही अडलं नाही.

एका सोमवारी दुपारी डबे खाऊन झाल्यावर पहिल्याच्या पाठून जळका वास आला. थोरली उठून पाहते तो जाळीतून धुराची रेघ निघालेली. मशीन वाचवावं म्हणून तिचा हात कपाटामागच्या केबलकडे निघाला होता. मग तिला संशय आला की पत्र्यात वीज उतरली असेल, म्हणून तिने हात आखडता घेतला आणि भिंतीवरचा मोठा खटका पाडला. पहिला गप्प झाला तो कायमचाच. पलीकडच्या दुसऱ्याने लगोलग त्याची जागा घेतली, वॉर्डांना पत्तासुद्धा लागला नाही, आणि संध्याकाळी साहेबांनी तिची पाठ थोपटली.

पत्ता लागला तो नऊ नंबरच्या खाटेवर. तिथे एक आजी होत्या, पायात रक्ताची गाठ झाली म्हणून आलेल्या. धाकटीवर त्यांचा भारी जीव. रक्त पातळ करण्याचं इंजेक्शन त्यांना दिवसातून एकदाच द्यायचं होतं. धाकटीने ते त्या दुपारी दिलं, नोंदवलं, आणि ड्यूटी संपल्यावर घरी आली. संध्याकाळच्या सिस्टरने पडदा उघडला तर नोंदीची जागा कोरी. तिने नेमाप्रमाणे इंजेक्शन दिलं. दुसऱ्या दिवशी आजींना आतल्या आत रक्तस्राव सुरू झाला आणि बुधवारी सकाळी त्या गेल्या.

मेट्रननी धाकटीला घरी बसवलं. शुक्रवारी चौकशी ठरली. इंजेक्शन देऊन नोंद केली नाही हे सिद्ध झालं असतं तर तिचा सिस्टरचा परवाना जाणार होता, आणि धाकटीला दुसरं काही येत नव्हतं, करायचंही नव्हतं. बुधवारभर ती स्वयंपाकघरात बसून राहिली. थोरली आली तेव्हा म्हणाली, "ताई, हिरवी खूण आली होती. मी ती बघूनच उठले."

"नक्की?"

धाकटीने मान वर करून तिच्याकडे पाहिलं. "तू पण?"

सवयीने तोंडातून गेलं, असं थोरली म्हणाली. पण ते खरं नव्हतं. सख्ख्या बहिणीवर तिला पळभर संशय आलाच होता, आणि त्याची तिला इतकी लाज वाटली की त्या संध्याकाळी तिला घास गेला नाही.

गुरुवारी सकाळी तिने संशयाचा मोहरा साहेबांकडे वळवला. त्यांनीच घाईपायी परस्पर ओळ बदलली असणार, पोचेची वाट न बघता खूण दाखवायला सांगितलं असणार. असं झालं असेल तर सगळा उलगडा होत होता: खूण दिसली, नोंद पहिल्यातच राहिली, आणि पहिल्याबरोबर जळून गेली. तिने ओळ उघडली. तिने लिहिली होती तशीच ती होती, एक अक्षर इकडचं तिकडे झालेलं नव्हतं.

म्हणजे पोच आल्याशिवाय खूण येणं शक्य नव्हतं. दुसरा सोमवारी दुपारी केबलच्या रखडण्याने मागे पडला होता, शेवटच्या काही नोंदी त्याच्यापर्यंत गेल्याच नव्हत्या, हे तिने आधीच तपासलं होतं. मग पोच कुणी दिली? हा प्रश्न घेऊन ती बसली असतानाच त्याच्यापेक्षा सोपा एक प्रश्न तिच्या डोक्यात आला. सोमवारपासून पहिला मेलेला होता. दुसरा एकटा होता. ओळ तर अजून तशीच होती. पोच द्यायला कुणी उरलेलंच नसताना इस्पितळात एकही हिरवी खूण दिसायला नको होती.

तिने वॉर्डात फोन लावून खुणा येताहेत का ते विचारलं. "येताहेत की," पलीकडची सिस्टर म्हणाली, "उलट हल्ली पटापट येताहेत. काय केलंत ताई?"

पोच देणाऱ्यांची यादी पडद्यावर मागवता येते. थोरलीने मागवली. यादीत एकच नाव होतं, तिसरा. स्थिती: जोडलेला. कुठून जोडलाय त्या पत्त्याचा रकाना कोरा होता. कोरा रकाना म्हणजे बाहेरून कुणी आलेलं नाही, आतलाच कुणी बोलतोय, एवढं तिला शिकवलेलं होतं.

तिने साहेबांना खाली बोलावलं आणि तिसरा सर्व्हर मला न सांगता कुठे बसवलात असं सरळ विचारलं. साहेब आधी हसले. मग तिचा चेहरा पाहून त्यांचं हसू आटलं. फाइलच परत आली नाही तर मशीन कुठून बसवू, असं म्हणून त्यांनी पडद्यावरची यादी दोनदा वाचली. त्यांच्या डोळ्यांत जे उतरलं ते तिने ओळखलं, कारण आरशात तिला ते रोज दिसे. बहिणीला सोडवायला ही बाई काहीतरी खेळ करतेय, असं त्यांना वाटत होतं.

दोघांनी कपाट उघडलं. खालचा खण मोकळाच होता, स्क्रूची भोकं तेवढी दिसत होती. थोरलीने आत हात घातला. आतून गरम वारा येत होता, संथ, एकसारखा, चालत्या मशीनच्या पाठीमागून येतो तसा. साहेबांनीही हात घालून पाहिला. धुलाईघराची वाफ असेल, म्हणाले. धुलाईघर त्या बाजूला नव्हतं, आणि ते दोघांनाही माहीत होतं. साहेबांनी हात पॅंटला पुसला आणि ते वर निघून गेले.

पोचेतही प्रकार असतात. नुसतं 'पोचलं' म्हणणं निराळं आणि 'माझ्याकडे उतरलं, आता कुणी विचारलं तर दाखवीन' म्हणणं निराळं. ओळीत साधी पोच मागितलेली होती. थोरलीने ती बदलून दुसऱ्या प्रकारची केली, म्हणजे नोंद तिसऱ्यात उतरेपर्यंत थांबायचं. त्याच क्षणी इस्पितळभरच्या खुणा थांबल्या. टेबलावरचा फोन वाजू लागला, मग भिंतीवरचा, मग तिच्या पर्समधला. तिने घाईघाईने ओळ पूर्ववत केली. फोन गप्प झाले. म्हणजे तिसरा इकडच्या नोंदी घेतल्याचं सांगत होता, पण आपल्यात उतरवून घेत नव्हता. मग त्याच्यात होतं काय?

तिने तिसऱ्याचं नाव टाइप करून तो उघडायचा प्रयत्न केला. नाही म्हणेल अशी तिची खात्री होती. तो उघडला.

सोमवार, खाट नऊ. रक्त पातळ करण्याचं इंजेक्शन, दिलं. पुढे धाकटीचा कर्मचारी नंबर. थोरली खुर्चीतच रडली. कोण मशीन, कुठलं मशीन, ते तिला त्या घडीला काहीएक जाणून घ्यायचं नव्हतं. तिने ती नोंद छापून घेतली, आणि घडी करून ब्लाऊजमध्ये ठेवली. मग सवयीने पुढची ओळ वाचली.

सोमवार, संध्याकाळ, खाट नऊ: इंजेक्शन दुपारी दिलेलं आहे, पुन्हा दिलं नाही. मंगळवार: ताप नाही. बुधवार, आजी ज्या सकाळी गेल्या त्या सकाळी: नाडी ठीक, नाश्ता घेतला, व्हरांड्यात चालल्या.

कुणाचा तरी क्रूर विनोद, हे तिच्या मनात पहिलं आलं. ती बघत असतानाच खाली एक नवी ओळ उमटली. गुरुवार, खाट नऊ: पायाची सूज कमी. नोंद करणारीचा नंबर धाकटीचा. थोरलीने घरी फोन लावला. धाकटी मटार सोलत बसली होती. शेंगांचा आवाज फोनवर ऐकू येत होता. चौकशीत कुठली साडी नेसू, असं ती विचारत होती. त्या बोलण्यातच पडद्यावर तिच्या नंबराने आणखी एक ओळ आली: आजी विचारताहेत, घरी कधी सोडणार.

थोरली फोनवर फक्त एवढंच म्हणाली की नोंद सापडली.

दुपारी धाकटी धुलाईघराच्या दाराने तळघरात आली. कामावरून बसवलेल्या माणसाला मुख्य दाराने येता येत नव्हतं, आणि धुलाईच्या बायका तिच्या ओळखीच्या. थोरलीने तिला कागद दाखवला आणि पडद्यावरची ती एक ओळ दाखवली. पुढचं दाखवायचं तिच्या मनात नव्हतं. पण धाकटी शेवटी सिस्टर. पेशंटचं पुढे काय झालं हे वाचल्याशिवाय तिला राहवेना. तिने माऊस ओढून घेतला. वाचता वाचता तिचा चेहरा उजळत गेला. तिला भीती वाटली नाही, याचीच थोरलीला भीती वाटली.

"म्हणजे आजी आहेत," धाकटी म्हणाली.

"कुठे आहेत? त्यांना नेलं ते तू पाहिलंस."

"इथे आहेत ना." तिने पडद्यावर बोट ठेवलं. जायची वेळ होईपर्यंत ती तिथून उठली नाही.

ती गेल्यावर थोरलीने उरलेली दुपार दुसऱ्यातल्या आणि तिसऱ्यातल्या नोंदी शेजारी शेजारी लावून पाहण्यात घालवली. दुसऱ्यापर्यंत न पोचलेल्या त्या काही नोंदी सोडल्या, तर सोमवारी धूर निघाला त्या क्षणापर्यंत दोन्हींत एका अक्षराचाही फरक नव्हता. तिथून वाट फुटली होती. इकडे पहिला बंद पडला होता, तिकडे, तिसऱ्याच्या नोंदींत, तो चालूच होता. तिने खटका पाडल्यामुळे तो इकडे बंद पडला. मग तिकडे खटका का पाडला नाही? तिने स्वतःचं नाव शोधलं.

ते कर्मचाऱ्यांत नव्हतं, पेशंटमध्ये होतं. सोमवार दुपार, अपघात विभाग. तळघरातून आणली, विजेचा धक्का, उजवा हात भाजलेला. त्याखाली नाडीच्या नोंदी, जवळजवळच्या. वरून बोलावून घेतलेल्या सिस्टरने केलेल्या त्या नोंदी होत्या, आणि नंबर धाकटीचा होता. शेवटच्या नोंदीत नाडी लागत नाही असं लिहून पान बंद केलेलं होतं.

थोरलीने उजवा हात उताणा करून पाहिला. मग तिने जे शोधलं ते शोधायला नको होतं, हे तिला शोधतानाच कळत होतं. तिकडची धाकटी मंगळवारी सकाळी कामावर होती. बुधवारी होती. आज होती. तिने एका दिवसाचीही रजा घेतलेली नव्हती.

शुक्रवारची चौकशी लवकर उरकली. अध्यक्ष असलेल्या डॉक्टरीणबाईंनी कागद उजेडात धरून वाचला आणि ही नोंद कुठल्या मशीनमधली असं विचारलं. तिसऱ्यातली. ते मशीन बघायला मिळेल का? थोरलीने साहेबांकडे पाहिलं. साहेब टेबलाकडे बघत राहिले. मेट्रन समजुतीने म्हणाल्या की बहिणीसाठी बहिणीने काढलेला कागद आम्ही कसा धरायचा, तुम्हीच सांगा. परवाना रद्द करावा असं ठरलं. सोमवारी लेखी हुकूम निघायचा होता.

बाहेर व्हरांड्यात साहेबांनी दोघींना गाठलं. त्यांचीही झोप उडालेली दिसत होती. इस्पितळाच्या नोंदींचा भरवसा काय, असं आता त्यांनाही विचारलं जाणार होतं. त्यांनी खाली जाऊन तिसरा उघडून पाहिला होता. तो कुठे आहे ते विचारायचं नाही असं त्यांनी ठरवलेलं होतं. एकाच नोंदींच्या दोन वाटा फुटल्या तर दोन्ही चालू ठेवता येत नाहीत, ते म्हणाले, एकीला फुटीपर्यंत मागे नेऊन दुसरीच्या मागे लावावं लागतं. आपण तिसऱ्याला मुख्य करू. दुसऱ्याला मागे फिरवून त्याच्या मागे लावू. मग ती नोंद कागदावरची राहणार नाही, इस्पितळाची अधिकृत नोंद होईल, आणि कुणाची बोलायची छाती होणार नाही.

"नाही," थोरली म्हणाली.

"का नाही, ताई?" धाकटीने विचारलं.

तिकडे आपण मेलेलो आहोत, हे थोरलीला सांगता आलं असतं. पण सांगितल्यावर धाकटीच्या चेहऱ्यावर काय दिसेल याची तिला खात्री देता येईना. हे आपण आपल्या बहिणीबद्दल, जिला लहानपणी कडेवर घेऊन फिरवलं तिच्याबद्दल म्हणतोय, हे कळत असूनही देता येईना. मशीनवर भरवसा नाही, एवढंच ती म्हणाली. घरी येईपर्यंत धाकटी दोन पावलं मागून चालत होती.

शनिवारी सकाळी थोरली एकटी तळघरात गेली आणि तिने त्या ओळीतून तिसऱ्याचं नाव काढून टाकलं. मग पोच द्यायला कुणीच उरलं नाही, तेव्हा जन्मभर जे होऊ दिलं नव्हतं ते तिला स्वतःच्या हाताने करावं लागलं: थांबायचं नाही, पोच नको, नुसती खूण दाखवा. यादी मागवली, ती रिकामी आली. खालच्या खणात तिने हात घातला. पत्रा गार होता. कितीतरी दिवसांनी तिला मोकळा श्वास घेता आला, आणि धाकटीच्या परवान्यासाठी वकील करायचा, पैसे लागतील तितके लागोत, असं मनाशी ठरवत ती घरी आली.

धाकटी घरात नव्हती. इस्त्रीच्या टेबलावर तिचा युनिफॉर्म पसरलेला होता. थोरलीने इस्त्रीला हात लावून पाहिला. ती अजून कोमट होती.

धाकटी आली तेव्हा थोरली चहा घेऊन बसली होती. चपला काढून धाकटीने आधी हात धुतले, कोपरापर्यंत, वॉर्डात धुते तसे. मग समोर येऊन बसली.

"साहेबांकडे गेले होते," ती म्हणाली. "त्यांनी नाव परत घातलंय. दुसऱ्याला मागे फिरवायचं कामही लावलंय, अर्ध्या-पाऊण तासात होईल म्हणाले. तुझा पासवर्ड लागला. एवढी संशयी तू, पण शाळेत होतीस तेव्हापासून तोच एक शब्द वापरतेस."

थोरलीने कप खाली ठेवला. "कधी लावलं?"

"मी निघाले तेव्हा."

तळघरापासून घरापर्यंत चालत यायला अर्धा तास लागतो हे दोघींना माहीत होतं. थोरलीने फोन उचलून साहेबांना लावला. फोन वाजत राहिला, कुणी घेतला नाही.

"माझं पान बघितलंस तू?"

धाकटी टेबलावरचा पाण्याचा ओघळ बोटाने पुसत राहिली.

"बघितलं."

"आणि तरीही."

"ताई, ते खोटं आहे गं. तू माझ्यासमोर बसून चहा पितेस. मशीनमध्ये काही का लिहिलेलं असेना, ते खरं कसं होईल?"

"मग आजींचं कसं खरं होईल?"

धाकटीचे डोळे भरून आले. ती म्हणाली की तिला फक्त ती एक नोंद हवी होती, तिची स्वतःची, तिने खरोखर केलेली. बाकीच्याशी तिला कर्तव्य नाही. तिच्या आवाजात खोट नव्हती, आणि थोरलीला ते ऐकूनही विश्वास ठेवता येईना. आपण आयुष्यभर कुलपं ओढून बघत आलो आणि ही एक गोष्ट कधी ओढून पाहिली नाही, असं तिला वाटलं.

"तिकडे तू एका दिवसाचीही रजा घेतली नाहीस," ती म्हणाली.

"ती मी नव्हे."

बाहेर कुणीतरी जिना चढून वर गेलं. थोरलीला उजव्या तळव्यात उगाच ऊब वाटू लागली, म्हणून तिने हात मांडीवर चोळला. धाकटीने ते पाहिलं. खुर्ची ओढून ती जवळ आली, आणि पेशंटशी बोलते त्या मऊ, बोलघेवड्या आवाजात म्हणाली, "आण बरं हात इकडे. तुझ्या मनातलं भूत काढून टाकते."

तिने थोरलीचा हात आपल्या मांडीवर घेतला, मनगटावर दोन बोटं ठेवली आणि सवयीने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. ओठ मोजण्यासाठी हलायला लागले.

"किती आहेत?" थोरलीने विचारलं.

धाकटीने बोटं जरा वर सरकवली. थांबली. मग घड्याळावरची नजर न काढता तिने ती पुन्हा खाली सरकवली.